तिने पकडलेला खेकडा

कपाटाचं खालचं दार अडून बसलं होतं. लंबूने गुडघा टेकवून ते किंचित वर उचललं आणि हिसका दिला, तेव्हा कुठे ते उघडलं.

"तीही असंच उघडायची," तो म्हणाला आणि ओशाळून बाजूला झाला.

चिंगीची आई तिथेच फरशीवर बसली. आत चिखल वाळलेले बूट होते, दोरीचं भेंडोळं होतं आणि खिशांनी भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट. ते आईनेच शिवलेलं. तेव्हा लेक मशीनपाशी उभी राहून एकेक खिसा सांगत होती, हा चिमट्याला, हा भिंगाला, हा बाटल्यांना. आणि आई पायडल मारता मारता तणतणत होती. "मुक्या जिवांना मारायला निघालीस आणि वर माझ्याकडून सोय करून घेतेस." त्यावर लेकीने शांतपणे सांगितलं होतं, "मग एक खिसा माझ्या पापांना ठेव. जरा मोठाच ठेव." रागातसुद्धा आईला हसू फुटलं होतं. शिवण वाकडी गेली ती गेलीच.

जाकीट तिने घडी घालून पिशवीत ठेवलं. घडी नीट बसली नाही म्हणून काढून परत घातली.

चिंगीचे बाबाही येणार होते. घरून दोघं बरोबर निघाले, फाटकापर्यंत आले, आणि चष्मा विसरलो म्हणून बाबा मागे फिरले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. आई फाटकाला हात लावून थोडा वेळ उभी राहिली, मग एकटीच निघाली.

संग्रहालयात ती याआधी एकदाच आली होती, तेही खालच्या मजल्यावर. तिथे देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला आणि खाली शाळेच्या पोरांचा गलका. लेक काम करायची तो हा वरचा मजला तिने कधी पाहिला नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत खेकडे. स्पिरिटचा वास घशात उतरत होता. हाच वास लेकीच्या कपड्यांना यायचा आणि आई ते वेगळे भिजवायची.

लंबू लेकीच्या बरोबरीने काम करणारा. त्याचं खरं नाव आईला माहीत नव्हतं. घरी गोष्टी निघायच्या त्या लंबूच्याच: लंबू ओढ्यात पडला, लंबूने डबा सांडला, लंबूला दारातून वाकून जावं लागतं तरी डोकं आपटतोच. लेकीच्या अंत्यविधीच्या वेळी गर्दीत आई "लंबू कुठाय, लंबूला बोलवा" म्हणत राहिली आणि कुणालाच काही कळेना. शेवटी तो स्वतःच पुढे आला आणि तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"हे टेबलही तिचंच," तो आता म्हणाला.

टेबलावर भिंगाचं यंत्र होतं, त्यावर फडकं टाकलेलं. पलीकडे खिडकीशी एक काचेची टाकी होती. तळाशी वाळू, दोन सपाट दगड, थोडं पाणी, त्यात हवेचे बुडबुडे. आईला वाटलं टाकी रिकामीच आहे. मग एका दगडाखालून जांभळा, नांग्यांशी केशरी झालेला खेकडा बाहेर आला आणि काचेला भिडून थांबला.

"हा जिवंत आहे?"

"हो."

"बाकीचे सगळे बरणीत, मग हाच कसा राहिला?"

लंबूने टाकीवरची जाळी उगाचच सरळ केली. "हा त्या दिवशीचा आहे, काकू. तिने पकडलेला. काठावर डब्यात होता."

आई उठून टाकीपाशी गेली. खेकड्याचे डोळे देठांवर उभे होते. ते तिच्याकडे बघत होते की नाही, कळत नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून विभागप्रमुख मॅडम आत आल्या. "बर्फ आणून ठेवलाय बाहेर. आज तुझ्याच्याने होणार नसेल तर मी करते, पण आज..." त्यांना आई दिसली आणि त्या थबकल्या. जवळ येऊन त्यांनी आईचा हात हातात घेतला. सांत्वनाचं त्या काही बोलल्या नाहीत. आईला ते बरं वाटलं.

"आज काय करायचंय?" आईने विचारलं.

मॅडमनी लंबूकडे पाहिलं. तो टाकीकडे बघत होता. मग त्यांनीच सांगितलं. हा खेकडा आजवर कुणीच नोंदलेला नाही, असं चिंगीचं म्हणणं होतं. तिला माद्या मिळाल्या होत्या, पिल्लं मिळाली होती. पण नवी जात म्हणून जगापुढे मांडायची तर पूर्ण वाढलेला नर लागतो, आणि तो जपून ठेवलेला लागतो. म्हणजे उद्या कुणालाही येऊन तपासता येतो. नर सापडला तो त्या दिवशी. टाकीत तो आपोआप मेला आणि वेळेत कळलं नाही, तर सडून जाईल. मग तिने केलेलं सगळं अर्धवटच राहील.

"याची आम्ही घाई केली नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हल्ली तो खात नाहीये."

त्या गेल्यावर खोलीत फक्त बुडबुड्यांचा आवाज उरला.

"मी सोडून देणार होतो याला," लंबू एकदम म्हणाला. "मॅडमना न सांगता. त्याच ओढ्यात. डबासुद्धा भरून ठेवलाय घरी."

हेच आई इतकी वर्षं लेकीला सांगत आली होती. सोडून दे गं, तुझं काय घेतलंय त्याने. आता तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला बरं वाटायला हवं होतं. तिने पदराने काचेवरचा एक डाग पुसला. तो डाग आतल्या बाजूला होता.

"ती असती तर काय म्हणाली असती?"

लंबूच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "शिव्या घातल्या असत्या. म्हणाली असती, लंबू, दगड उचलून उचलून माझी कंबर मोडली आणि तू त्याला परत घरी पोचवायला निघालास?"

"मग?"

"हात धजत नाही, काकू. रोज ठरवतो. जाळी उचलतो आणि परत ठेवतो."

आईने बांगड्या वर सारल्या. "कसं करतात ते सांग."

"काकू, तुम्ही नका..."

"सांग मला."

त्याने बाहेरून बर्फाचा डबा आणला. त्यात थोडं पाणी घातलं. मागून धरायचं, पाठीवर बोट ठेवून, म्हणजे नांगी पोचत नाही, एवढं सांगितलं. आईने जाळी उचलून टाकीत हात घातला. खेकडा दगडाखाली सरकला आणि तिने दगडच उचलला. हातात आला तेव्हा तो तिला वाटला त्यापेक्षा जड होता. पाय हवेत चालत होते. तिने त्याला बर्फाच्या पाण्यात सोडलं, टाकल्यासारखं नव्हे, ठेवल्यासारखं, आणि झाकण लावलं. मग आपलाच ओला हात ती बघत राहिली.

"दुखतं का रे याला?"

"गारव्याने गुंगी येते. हळूहळू. मग काही कळत नाही. त्यानंतरच स्पिरिटमध्ये ठेवायचं."

आईने मान हलवली. ती डब्याकडे बघत होती. मग तिने विचारलं तेव्हा आवाज अगदी साधा होता, दुधाचा हिशेब विचारावा तसा.

"ती एकटीच होती का तेव्हा?"

लंबू स्टुलावर बसला. बसल्यावरही तो उंचच दिसत होता.

"मी ओढ्याच्या वरच्या वळणावर होतो. लांब नव्हतो, काकू. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर. पण पाण्याचा आवाज फार होता."

"तिने हाक मारली होती?"

नाही म्हणायला त्याला काहीच लागलं नसतं. घरी येणारे-जाणारे सगळे तेच सांगत होते: क्षणात झालं, तिला कळलंसुद्धा नसेल. त्याचे ओठ हलले. मग त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला ऐकू आलं नाही. मारली होती की नव्हती, ते मला माहीत नाही."

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, अजून ओला आणि गार असलेला. तो रडायला लागला. ती रडली नाही. त्याचं रडणं ओसरेपर्यंत तिने हात काढला नाही.

"वेळ लागेल अजून," नाक पुसत तो म्हणाला. "तोवर आपण बाहेर बसू, काकू. खाली चहा मिळतो."

"तू जा. माझ्यासाठी इथेच घेऊन ये."

"इथे कशाला थांबताय? इथे काही..."

"जा रे तू."

तो दाराकडे निघाला. आईने त्याचं स्टूल ओढून टेबलापाशी घेतलं आणि बसली. डब्याच्या झाकणावर तिने तळवा ठेवला. आत काहीतरी एकदा हललं, मग पुन्हा एकदा, आधीपेक्षा सावकाश. ती खाली वाकली.

"मी आहे हं इथे," ती म्हणाली.

"हो काकू," दारातून लंबू म्हणाला. "आलोच मी."

ते त्याच्यासाठी नव्हतं. पण आईने तसं सांगितलं नाही.