सहा सेकंद आधीची वाणी

सकाळचे दहा वाजले की मळ्यातली कामं थांबत. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या त्या मळ्यात द्राक्षाचे घड कापून ओळींमधल्या कागदांवर वाळत घालायचे असतात आणि ऊन एवढं की घामही वाळतो. पण त्या उन्हात बावीस माणसं नाबोरच्या व्हॅनभोवती गुडघे टेकून बसली होती. व्हॅनची दारं उघडी होती. बॉनेटवर तळहाताएवढा टीव्ही होता.

टीव्हीवर एक मेणबत्ती जळत होती. मागे पांढऱ्या सदऱ्यातला एर्मानो बाल्तासार डोळे मिटून बसला होता, तोंडावर पांढरं फडकं बांधून. एर्मानो म्हणजे स्पॅनिशमध्ये भाऊ. या भाऊसाहेबांनी म्हणे मौन धरलं होतं. टीव्हीला आवाजच नव्हता. आवाज यायचा व्हॅनच्या रेडिओतून. त्यासाठी काटा अगदी डावीकडे, सत्याऐंशी पॉइंट सातवर न्यावा लागे. तिथे कुठलंही रेडिओ केंद्र नाही, हे कुणीही यादीत बघून घ्यावं.

"लेकरांनो!" रेडिओ घुमला. "जिथं माणसांची केंद्रं संपतात, तिथं स्वर्गाचं सुरू होतं! माझा सेवक मुका आहे, मी बोलतो आहे. घडायच्या आधी सांगतो आहे. बघा, ज्योत विझली!"

सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. ज्योत मजेत जळत होती. एक, दोन, तीन... सहा म्हणेपर्यंत ती फडफडली आणि विझली. बावीस तोंडांतून एकदम "आवे मारिया" निघालं.

ओब्दुलिया मात्र मागे वळून व्हॅनमध्ये बघत होती. तिची नऊ वर्षांची सेनाइदा व्हॅनच्या मागच्या बाकावर पडली होती. पोरीला लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. सुई बघितली की ती किंचाळायची आणि ओब्दुलियाला तिचे हात दाबून धरावे लागत. मागच्या आठवड्यात वाणीनं सेनाइदाचं नाव घेतलं होतं, आजारासकट. नऊ दिवसांचं व्रत कर, सुई बंद ठेव, साखर आपोआप उतरेल. मध्येच मोडलंस तर दुखणं दुपटीनं परत येईल. स्वर्गाला पोरीचं नाव कसं कळलं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. टीव्ही घरोघर फुकट वाटताना बाल्तासारच्या माणसांनी घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि दुखणं एका कागदावर लिहून घेतलं होतं, हे ती विसरून गेली होती.

आज चौथा दिवस होता. पोर रात्रभर पाणी मागत होती, सकाळपासून ओकत होती.

"तोंडाला कसा फळांचा वास येतोय बघ," शेजारची तोमासा वाकून म्हणाली. "पिकल्या द्राक्षांसारखा! कृपेची खूण आहे, बाई."

"खूण कसली, आजार भडकलाय." नाबोर पुढे आला. सेनाइदाच्या बाप्तिस्म्याला त्यानं तिला हातांवर धरलं होतं. तेव्हापासून तो ओब्दुलियाचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. सख्ख्या भावापेक्षा मानाचं नातं, म्हणून दोघांत अहोजाहो. "कोमाद्रे, दवाखान्यात नेऊ या. आत्ता."

"पाच दिवस राहिलेत, कोंपाद्रे. माझ्या हातानं व्रत मोडू?"

"अहो, त्या वाणीत काही नाही! परवा आपल्या मळ्यातल्या अन्सेल्मोनं रेडिओवर सामना ऐकत 'गोल' म्हणून बोंब ठोकली, तेव्हा तुमच्या मोबाइलवर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता. अन्सेल्मोला संत केलंत का?"

"अन्सेल्मोला? आधी त्याला आंघोळ घाला!" तोमासा म्हणाली. दोघीचौघी हसल्या.

ओब्दुलिया हसली नाही. "देवाची थट्टा नको. तुमचं सगळं ऐकेन, पण हे नाही."

एवढ्यात सेनाइदा पुन्हा ओकली. आता ती जोरजोरात, खोल श्वास घेत होती. मैलभर पळून आल्यासारखी. ओब्दुलियानं हाक मारली तर डोळे उघडले, पण आईला ओळखलं नाही.

"एर्मानोकडे चला," ती ओरडली. "तो हात ठेवेल डोक्यावर! अजून तासभर कार्यक्रम आहे. त्याच्या केंद्रावरच असेल तो."

नाबोर स्टिअरिंगमागे जाऊन बसला. मग म्हणाला, "बसा." केंद्र दवाखान्याच्याच रस्त्यावर होतं, हे तो बोलला नाही. बोलला असता तर ती गाडीत बसली नसती.

पंधरा मिनिटं ओब्दुलिया मांडीवर पोरीचं डोकं आणि हातात टीव्ही धरून बसली होती. रेडिओ चालूच होता. वाणी कुणा दुसऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या बंद करवत होती.

केंद्र म्हणजे एक जुनं टायरचं दुकान, मागे लोखंडी मनोरा, पुढे मोठी काच. आतून पडदा लावला होता, पण एका बाजूनं सरकलेला. न थांबता पुढे गेलो तर ती दवाखान्याची पायरी चढणार नाही, म्हणून नाबोरनं व्हॅन काचेला लागून उभी केली. ओब्दुलिया टीव्ही हातात घेऊन धावली आणि फटीतून आत बघून थबकली.

बाल्तासार बसला होता. तीच मेणबत्ती, तेच फडकं. पण फडकं हलत होतं; तळहाताएवढ्या टीव्हीवर ते कधी दिसलं नव्हतं. फडक्याखाली तोंडाशी माइक होता आणि गाडीतल्या रेडिओतून येणारी स्वर्गाची वाणी काचेतूनही बारीक ऐकू येत होती. मौनी महाराज धडाधड बोलत होते!

"बघा, ज्योत विझली!" वाणी म्हणाली. टेबलाखाली त्याच्या पायानं पंख्याचं बटण दाबलं आणि ज्योत तिच्या डोळ्यांदेखत विझली. तिनं हातातल्या टीव्हीकडे पाहिलं. तिथे ज्योत अजून जळत होती.

तिनं मुठीनं काच बडवली. "माझी पोर मरतेय! दार उघड!"

तिचं ठोठावणं रेडिओतून ऐकू आलं. आत बाल्तासार दचकून वळला. टीव्हीतला बाल्तासार मात्र शांत, डोळे मिटून बसलेला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग टीव्हीतलाही दचकून वळला.

आत तो उठला, दाराकडे आला नाही. त्यानं नीट पडदा ओढून घेतला.

"वाणी आधी येत नाही, कोमाद्रे," नाबोर तिच्या मागून म्हणाला. "चित्र उशिरा येतं. हे छोटं टीव्ही केंद्र आहे, सहा नंबरच्या चॅनलचं. रेडिओच्या यादीत कसं सापडेल? चित्र नव्या डिजिटल पद्धतीनं जातं, त्याची आधी पुडी बांधायची, इकडे आल्यावर सोडायची, त्यात सहा सेकंद जातात. आवाज जुन्या पद्धतीनं वेगळा सोडतात. तो थेट येतो आणि सहा नंबरचा आवाज रेडिओच्या पट्टीत डाव्या टोकाला पडतो. एवढंच आहे सगळं."

"गाडी हाणा," ओब्दुलिया म्हणाली. ती धावत गाडीत शिरली. "दवाखान्यात हाणा!"

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस इन्सुलिन नाही? ती म्हणाली, चार. आणखी दोन तास उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, एवढंच ते म्हणाले. तीन दिवस सेनाइदाच्या दोन्ही हातांत सुया होत्या आणि या वेळी ओब्दुलियानं तिचे हात दाबून धरले नाहीत, नुसते धरले.

व्रताच्या नवव्या दिवशी ती मळ्यात परतली. दहा वाजता बावीस माणसं गुडघ्यांवर बसली. रेडिओ घुमला, "सेनाइदा वाचली! तिच्या आईचं व्रत फळलं! साक्षात मृत्यूच्या दारातून माझ्या सेवकानं तिला ओढून आणलं!"

टाळ्या झाल्या. तोमासानं तिला मिठी मारली. "सांगितलं होतं ना, कृपेचा वास होता म्हणून!"

ओब्दुलियाला तेव्हा असा संताप आला की बोलता बोलता तिला रडू फुटलं. "तो वास रक्तात साचलेल्या विषाचा होता! डॉक्टरांनी सांगितलंय. माझी पोर सुईनं वाचली, आणि मी तिची सुई चार दिवस बंद ठेवली होती, मी, तिच्या आईनं! मी काच बडवली तर त्यानं पडदा ओढला. तो स्वतःच बोलतो, फडक्याआडून. पायानं पंखा लावतो. चित्र उशिरा पोचतं म्हणून तुम्हाला वाटतं वाणी पुढचं सांगते. माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्यावरही नको. जा, त्या काचेशी उभे राहा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि ज्यांनी औषधं बंद केलीत, त्यांनी बघायला जाण्याआधी औषध घ्या!"

दोघांनी छातीवर क्रूस काढला. एक म्हातारा पुटपुटला, बाईचं डोकं फिरलंय, पोरीच्या धसक्यानं.

तोमासानं घड कापायची सुरी खाली ठेवली.

"नाबोर, गाडी काढ," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या फिटच्या गोळ्या पाच दिवस बंद आहेत. तो घरी एकटाच आहे."