झेबाच्या ॲपमधल्या बायका

गुलाबी बोंडअळीचा पतंग आठ-नऊ मिलिमीटरचा, राखी-तपकिरी. सापळ्यातल्या चिकट कागदावर पंख मिटून बसला की ज्वारीच्या कोंड्यासारखा दिसतो. जानेफळात येणाऱ्या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर अळीवर फुली मारलेली असते. अळीनं मात्र ते पाकीट पाहिलेलं नसतं.

झेबानं ॲप बनवलं होतं. कागदाचा फोटो काढला की ॲप पतंग मोजायचं आणि फवारायचं की थांबायचं ते सांगायचं. कपाशी फुलावर आली तेव्हापासून ते तयार होतं. पण एखादा कंपनीवाला ॲप फोडून आतला कोड उचलेल, या धास्तीनं ती ते कुणालाच देत नव्हती. रोज नवं कुलूप चढवत होती. शेजारच्या रुखमाबाई रोज ॲप मागायला यायच्या. त्यांच्या दोन एकरांत फवारणी अंदाजानंच चालली होती आणि दर चौथ्या बोंडात अळी निघत होती.

त्या दिवशी झेबानं त्यांना शेवटचं कुलूप दाखवलं. कोडच्या प्रत्येक भागाचं खरं नाव पुसून तिनं गावातल्या बायकांची नावं दिली होती. कोणता भाग काय करतो, हे चोराला डोकं आपटलं तरी कळणार नव्हतं. कुठं लिहून ठेवायला नको, म्हणून नावं तिनं स्वतःला आठवतील अशीच निवडली होती.

रुखमाबाईंनी ती नावं वाचायला लावली.

"शालूबाई म्हंजे मोजणारी," त्या म्हणाल्या. "कोणाच्या घरी किती पाहुणे, तिलेच ठाऊक."

बरोबर होतं. सिंधूताई ऐकलेलं सारं तालुक्याला मेहकरपर्यंत पोचवते, म्हणजे हा भाग काहीतरी बाहेर पाठवत असणार, हेही बरोबर निघालं. अन्नपूर्णाबाईंचं तांदूळ निवडणं आठवून त्यांनी फोटोतला कचरा काढणारा भाग ओळखला. आता एकच नाव उरलं होतं. ते होतं चोराला चकवायला मुद्दाम घातलेल्या चारशे ओळींचं, काम शून्य.

"बेबीताई त काहीच करत नसन. नुसती जागा अडवून बसली असन."

झेबानं लॅपटॉप मिटला. चोर जानेफळचाच निघाला तर, असं ती पुटपुटली.

"जानेफळवाला चोरन कायले? मागन. मी त महिन्यापासून मागूनच राह्यली. अन अळीले तुह्या कुलपाची किल्ली लागत नाही वं पोरी."

झेबानं लॅपटॉप पुन्हा उघडला. मग तिनं हात पुढे केला.

"मोबाईल द्या, मावशी. आज तुमच्यात टाकू, अन उद्या साऱ्या गावाले."