सरोजताईंची व्हीलचेअर

सलिलने आईच्या तिकिटाबरोबर व्हीलचेअरही मागवली आहे हे कळलं, तेव्हा सरोजताई त्याच्यावर चांगल्याच उखडल्या. सत्तरी उलटली तरी त्यांचे पाय ठणठणीत होते. वर्तकनगरहून उपवन तलावापर्यंत त्या रोज सकाळी चालत जात आणि येताना भाजी घेऊन येत. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी पिशवीसकट जिने चढत. अशा बाईला खुर्चीत बसवून कुणी ढकलत न्यायचं म्हणजे काय?

टोरांटोहून सलिल फोनवर शांतपणे म्हणाला, "आई, ती खुर्ची पायांसाठी नाही. रस्ता चुकू नये म्हणून आहे."

ते खरं होतं. याआधी त्या दोनदा सलिलकडे गेल्या होत्या, पण पती त्र्यंबकरावांबरोबर. पासपोर्ट त्यांच्याकडे, बोर्डिंग पास त्यांच्याकडे, कुठल्या पाटीखालून वळायचं तेही त्यांनाच ठाऊक. सरोजताईंनी आपली त्यांच्या चौकड्याच्या शर्टावर नजर ठेवून मागून चालायचं. गेल्या वर्षी त्र्यंबकराव गेले. त्यानंतर सलिल स्वतः न्यायला येणार असं ठरलं होतं, पण मध्येच त्याच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. छोटंसंच आहे, असं तो सांगत होता. मात्र व्हिडिओ कॉलवर चेहऱ्याखालचं काही दिसणार नाही असा फोन धरायचा, हे आईच्या लक्षात आलं. "मग मीच येते," त्या म्हणून गेल्या.

बहिणीचा मुलगा अपूर्व डोंबिवलीहून गाडी घेऊन आला आणि त्याने त्यांना विमानतळावर सोडलं. "मावशी, कुणी काही विचारलं तर नुसतं टोरांटो म्हण," असं तो दारापर्यंत सांगत होता. आत गेल्यावर त्यांना खुर्चीत बसवण्यात आलं. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून सरोजताईंनी शाल पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

शेजारच्या खुर्चीत एक जाडजूड बाई बसल्या होत्या. नाव कलावती. त्या टिटवाळ्याहून आल्या होत्या. बोलायला लागल्या त्या थांबेचनात. जन्म सगळा कळव्याच्या चाळीत गेला, आता कुठे टिटवाळ्याला नवीन इमारतीत जागा घेतली, तर गुडघ्यांनी दगा दिला. मुलगी नंदा टोरांटोला नर्स आहे, तिला दिवस भरत आलेत. कलावतीबाईंचा नवरा धाकूही बरोबर येणार होता, पण त्याचा व्हिसाच आला नाही. विमानात बसायची ही पहिलीच वेळ.

"ताई, तुमचेपण गुडघे गेले काय?" कलावतीबाईंनी विचारलं.

"वय झालं आता," सरोजताई म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

विमानात दोघींच्या जागा लांब लांब होत्या. सरोजताईंनी पुढच्या पडद्यावर काय काय लागतं ते बघितलं, मग तो बंद कसा करायचा ते न कळल्याने त्यावर रुमाल टाकला. जेवण आलं तेव्हा सवयीने लोणच्याची पुडी शेजारी सरकवली. शेजारचा परका माणूस हसून "थँक यू" म्हणाला. त्र्यंबकरावांना ते लोणचं फार आवडायचं. त्यानंतर त्यांना जेवण गेलं नाही.

मधल्या विमानतळावर उतरल्यावर दोघींना एका काचेच्या भिंतीशी आणून ठेवलं. तिथे खुर्च्यांमधून आणखी काही म्हातारी माणसं बसली होती. माणूस येईल आणि पुढच्या विमानापाशी नेईल, असं सांगण्यात आलं. हळूहळू बाकीच्यांना घेऊन गेले. या दोघींना न्यायला मात्र कुणी येईना. टेबलापाशी बसलेली मुलगी बदलली, नवीन मुलगी आली. सरोजताईंनी तिला विचारलं, तर ती गोड हसली आणि थांबा म्हणाली. त्या थांबल्या. त्र्यंबकराव असते तर एव्हाना त्यांनी आवाज चढवला असता, आणि सरोजताईंनी त्यांची बाही ओढली असती.

कलावतीबाईंची बडबड कधीच थांबली होती. त्या खुर्चीचे हात घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. सरोजताईंना वाटलं, घाबरल्या असतील. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं.

"नको ताई. मुंबईपासून घोटभर पाणी नाय घेतलं मी. बाथरूमला कोण नेणार, म्हणून. तरी पण आता नाय थांबवत."

सरोजताईंनी टेबलाकडे पाहिलं. मुलगी फोनवर बोलत होती. तिथे जायचं, तिला सांगायचं, ती पुन्हा हसणार. त्यांनी शाल काढून पिशवीत कोंबली आणि उठून उभ्या राहिल्या.

कलावतीबाई बघतच राहिल्या. "तुम्हाला चालता येतं?"

"येतं. मुलाने बसवलं मला. मी चुकेन म्हणून."

"मग एवढा वेळ कशाला बसलात?"

सरोजताईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी कलावतीबाईंची पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि खुर्ची ढकलायला गेल्या. ती हलेना. मग चाकापाशी एक खटका दिसला, तो पायाने दाबला, तेव्हा ती एकदम अशी सुटली की दोघी काचेवर जाऊन आपटता आपटता राहिल्या.

बाथरूममध्ये कलावतीबाईंना उठवताना, सावरताना, पुन्हा बसवताना सरोजताईंच्या कमरेत कळ आली. कलावतीबाईंना फार अवघडल्यासारखं झालं होतं. हात धुताना त्या आरशाकडे न बघता म्हणाल्या, "सख्ख्या मुलीने केलं नसतं." सरोजताई म्हणाल्या, तिनेही केलं असतं, आणि लवकरच तुम्हाला तिचं करायचं आहे. तेव्हा कुठे त्या बाईच्या चेहऱ्यावर हसू आलं.

बाहेर आल्यावर टेबलापाशची मुलगी धावत आली. खुर्ची अशी न्यायची नाही, माणूस येईल, असं ती सांगू लागली. सरोजताईंनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. चिडलेल्या लोकांशी इंग्रजीत कसं बोलायचं, आणि आपण चिडलो तर कसं, दोन्ही त्यांना येत होतं. फक्त बरीच वर्षं वापरलं नव्हतं. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "माणूस कधी येईल? विमान सुटायच्या आधी की नंतर?" मुलीने पडद्यावर पाहिलं, तिचा चेहरा उतरला. तिने हाताने दिशा दाखवली.

दिशा बरोबर होती, पण सरोजताई एक वळण चुकल्या. अत्तरांच्या दुकानांमधून पुष्कळ पुढे गेल्यावर पाट्यांवरचे गेटचे आकडे उलटे जाताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. मागे वळायचं म्हणजे तेवढंच अंतर पुन्हा ढकलत जायचं. त्यांनी एका सफाईवाल्याला थांबवून बोर्डिंग पास दाखवला. त्याने एका लिफ्टकडे बोट केलं. कलावतीबाईंनी दोन्ही पिशव्या मांडीवर घेतल्या आणि समोरच्या गर्दीला "ओ, बाजूला, बाजूला" असं मराठीत सांगायला सुरुवात केली. लोक बाजूला होत होते.

गेटवर पोचल्या तेव्हा रांग संपली होती. तिथला माणूस त्यांचीच नावं पुकारत होता. घामाघूम झालेल्या सरोजताईंकडे पाहून त्याने विचारलं, दोघींपैकी व्हीलचेअरवाल्या बाई कोण? "दोघीही," सरोजताई म्हणाल्या, आणि धापा टाकत भिंतीला टेकल्या.

टोरांटोला उतरल्यावर विमानाच्या दारात दोन खुर्च्या उभ्या होत्या. सरोजताईंचे घोटे सुजले होते, कंबर भरून आली होती. या वेळी त्या न लाजता बसल्या.

बाहेर नंदा आईच्या गळ्यात पडली. मग पोट सांभाळत ती सरोजताईंच्या पाया पडायला वाकू लागली, तर कलावतीबाईंनीच तिला ओरडून उभं केलं. फोन नंबर दिले-घेतले, आणि ती माणसं आपल्या गाडीकडे निघाली.

सलिल खांबाला टेकून उभा होता. शर्टावरून कमरेला रुंद पट्टा होता, हातात काठी, आणि तो पार वाळला होता. छोटंसं ऑपरेशन म्हणे. सरोजताई खुर्चीतून उठून त्याच्याकडे गेल्या. तो सवयीने खाली वाकायला गेला आणि मध्येच अडला.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर, पट्ट्याच्या वर, हात ठेवला. आपण आलो ते बरं झालं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

गाडी सून वल्लरी चालवत होती. मागच्या सीटवर सलिलशेजारी बसून सरोजताईंनी सगळी हकीकत सांगितली. कलावतीबाईंचं "बाजूला, बाजूला" ऐकून वल्लरी इतकी हसली की तिला गाडीचा वेग कमी करावा लागला. सलिल हसला नाही. तो बराच वेळ आईच्या हाताकडे बघत होता. खुर्ची ढकलून तळव्याला लाल वळ उठला होता.

"आई, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," त्या म्हणाल्या. "पण त्यांना बाथरूमला जायचं होतं."

मग त्यांनी खिडकीला डोकं टेकलं, आणि घर यायच्या आतच त्यांचा डोळा लागला.