पहिला थेंब

सूड कोणावर घ्यायचा हे पायल गांगुर्डेला पाच वर्षांपासून माहीत होतं. कसा घ्यायचा ते एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, तिसऱ्या प्रॅक्टिकलला कळलं.

क्रीडाविज्ञान विभागाच्या लॅबमध्ये एक मुलगा नुकताच ट्रेडमिलवरून उतरून धापा टाकत उभा होता. संपदा मॅडम त्याच्या कानाच्या पाळीतून रक्ताचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवत होत्या.

"धावताना स्नायूंत लॅक्टेट तयार होतं आणि रक्तात उतरतं," त्या म्हणाल्या. "सोप्या वेगाला ते चारच्या आत राहिलं, तर धावपटू तयारीचा. सोप्या वेगालाच चढलं, तर त्याचं काही खरं नाही. हे सगळं आपण टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबावरून ठरवणार. म्हणून आधी पाळी स्पिरिटने पुसायची. कोरडी करायची. मग टोचायचं. पहिला थेंबही पुसून टाकायचा आणि दुसरा मशीनच्या पट्टीला लावायचा. का?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि स्वतःच उत्तर दिलं.

"घाम. घामात लॅक्टेट रक्ताच्या कितीतरी पट असतं. तो थेंबात मिसळला की मशीनला काय कळणार? ठणठणीत पोरगी निकामी दिसेल."

सगळ्यांनी भराभर लिहून घेतलं. पायलने मात्र पेन खाली ठेवलं आणि स्वतःच्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली.

पाच वर्षांपूर्वी ती सतरा वर्षांची होती. मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांना लागून असलेल्या भाड्याच्या मैदानावर खंडेराव सरांची अकादमी होती, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत जिल्ह्यात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. सर कुठलंसं दोन दिवसांचं शिबिर करून आले होते आणि येताना तळहातावर मावेल असं लॅक्टेट मीटर घेऊन आले होते. मे महिन्यात, सकाळी अकराच्या उन्हात त्यांनी मुलींना पळवलं. घामाने निथळणाऱ्या पायलचा कान धरला, टोचला आणि पट्टी लावली.

चौदा पॉइंट दोन.

"हिच्यात इंजिनच नाही," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तीन वर्षं मी भंगार घासत बसलो."

राज्य स्पर्धेच्या संघात तिचं नाव पक्कं होतं. सरांनी ते रजिस्टरमध्ये लाल पेनने काटलं आणि पुढे लिहिलं, '१४.२. इंजिन नाही.' दुसऱ्या दिवसापासून मैदानावर तिचं नावच बदललं. "ए चौदा पॉइंट दोन, पाणी आण." आठवडाभर तिने पाणी आणलं. नंतर जाणं सोडलं.

पण तिचं खरं नुकसान झालं ते तिने त्या आकड्यावर विश्वास ठेवला म्हणून. विज्ञानाची विद्यार्थिनी, आकड्यावर नाही तर कशावर ठेवणार? त्या उन्हाळ्यात तिला घराचा जिना चढतानाही धाप लागायला लागली. त्यानंतर ती बस पकडायलासुद्धा कधी धावली नाही.

आणि आता लॅबमध्ये बसून तिला आठवत होतं, की चौदावर पोहोचलेला माणूस बोलू शकत नाही, गुडघ्यांवर हात टेकून ओकारी आवरत असतो. ती तर त्या दिवशी शेवटच्या फेरीपर्यंत शेजारच्या मुलीशी गप्पा मारत धावत होती.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा तिने आधीच तयार ठेवलेला कागद पुढे केला. मैदानावरच्या लॅक्टेट चाचणीत घामामुळे येणारी चूक.

"विषय चांगला आहे," संपदा मॅडम चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाल्या. "पण कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून निवडलास असं वाटतं."

"धावपटूंना, मॅडम."

मार्चच्या सुरुवातीला ती मैदानावर गेली. सरांचे केस पिकले होते, गळ्यातली शिट्टी तीच होती.

"अरे, चौदा पॉइंट दोन!" सर मोठ्याने हसले. "बघ राजू, ही आपली जुनी पोरगी. पळणं जमलं नाही, आता पळणाऱ्यांवर पुस्तक लिहिणार."

राजू हा त्यांचा मदतनीस. तोही हसला. पायलही हसली आणि तिने संमतिपत्र पुढे केलं.

आखणी साधी होती. बारा मुली, चार रविवार, दर रविवारी तीन. प्रत्येकीने सोप्या वेगाने तीन किलोमीटर धावायचं. थांबताक्षणी डाव्या कानाचा नमुना सरांनी नेहमीच्या पद्धतीने, त्यांच्या मीटरवर घ्यायचा. उजव्या कानाचा पायलने घ्यायचा. पायलचे आकडे बारा मुली पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगायचे नाहीत. सरांना मध्येच कळलं तर त्यांचा हात बदलेल आणि अभ्यास वाया जाईल. हा नियम पायलनेच लिहिला होता.

"घे की," सर म्हणाले. "आमची निवड शास्त्रीय असते, हे तुझ्या कॉलेजलाही कळू दे. मशीन खोटं बोलत नाही."

पहिल्याच रविवारी पहिलीच मुलगी आली ती रूपाली. सुरगाण्याकडची, सोळा वर्षांची, काटक. अकादमीच्या पत्र्याच्या खोलीत राहायची आणि संघात तिचं नाव सगळ्यात वर होतं. ती धावून आली तेव्हा हनुवटीवरून घाम टपकत होता, पण श्वास शांत होता. सरांनी डावा कान धरला, टोचला, पट्टी लावली. पायलने उजवी पाळी पुसली, कोरडी केली, टोचली, पहिला थेंब टिपून टाकला आणि दुसरा घेतला.

सरांच्या मीटरवर बारा पॉइंट आठ. पायलच्या मीटरवर तीन पॉइंट एक.

"राजू, रजिस्टर," सर म्हणाले. "हिच्यातही इंजिन नाही रे. डोंगरातल्या पोरी म्हणून आपण उगाच आशा लावतो."

बाराच्या वर गेली की नाव काटायचं, हा सरांचा ठरलेला नियम. लाल पेन चाललं. रूपाली आधी सरांकडे आणि मग पायलकडे बघत राहिली. पायलने आपल्या तक्त्यात ३.१ लिहिलं आणि पॅड छातीशी धरलं.

नियम होता हे खरं. पण त्याच क्षणी संपदा मॅडमना फोन केला असता, तर मॅडमनी सगळा अभ्यास थांबवून मुलीची निवड वाचवली असती, हेही पायलला पक्कं माहीत होतं. तिने फोन केला नाही. चूक करू दे सरांना, तिच्या मनात आलं, शाईने करू दे, माणसांदेखत करू दे. भुकेल्या माणसाला स्वयंपाकघरातून वास यावा तसं तिला आतून बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात रूपालीची खोली रिकामी झाली. तिची आई पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होती. रूपालीही तिच्या हाताखाली पेट्या भरायला गेली.

"झालं का त्या खंडेरावाचं?" पायलची आई, लताबाई, भाकरी थापता थापता विचारायची.

"अजून सहा मुली राहिल्यात."

"सहा वर्षं झाली पायल. माणूस विसरून जातो गं."

"तो विसरलाय, आई. म्हणूनच."

चौथा रविवार संपला. त्याच्या पुढच्या रविवारी सरांनी पालकांची सभा ठेवली. मैदानावर कापडी मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक. संघ जाहीर व्हायचा होता आणि आपल्या शास्त्रीय निवडीबद्दल कॉलेजच्या मुलीने चार शब्द बोलावेत अशी सरांची इच्छा होती. प्रसंगाला शोभेल म्हणून त्यांनी नवं ट्रॅकसूटचं जाकीट गळ्यापर्यंत चेन लावून घातलं होतं. एप्रिलचं ऊन कापडातून खाली झिरपत होतं. मागच्या रांगेत रूपाली आईशेजारी बसली होती. पायलनेच फोन करून त्यांना बोलावलं होतं.

पायल माइकसमोर उभी राहिली आणि चार शब्द बोलण्याऐवजी तिने आकडे वाचले. डावा कान, उजवा कान. बारा पॉइंट आठ, तीन पॉइंट एक. दहा पॉइंट चार, दोन पॉइंट नऊ. अकरा पॉइंट सात, तीन पॉइंट सहा. बाराही मुलींचे वाचून झाले तेव्हा मंडपात कुजबुज सुरू झाली होती.

"तुझं मशीन बिघडलंय," सर खुर्चीतूनच म्हणाले.

"असेल सर. माझं बाजूला ठेवू." पायलचा आवाज एकसारखा होता. "मशीन तुमचं. हात राजूदादाचे, तुम्हीच शिकवलेले. कान तुमचा. तुम्ही सकाळपासून खुर्चीत बसलाय. बसलेल्या माणसाचं एक यायला हवं, फार तर दोन."

पन्नास पालक बघत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. राजूने सरांचा घामेजलेला कान धरला, टोचला आणि पट्टी लावली.

"किती रे?" कोणीतरी विचारलं.

राजूने मीटर तळहाताने झाकलं. पायलने मीटर त्याच्या हातातून घेऊन माइकसमोर धरलं. "नऊ पॉइंट सात."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "सर, खुर्चीत बसून लय दमले की तुम्ही!" आणि मंडप हसला.

पायल हसली नाही. तिने सरांची पाळी स्पिरिटने पुसली, कोरडी केली, त्याच जागी दाबून आलेला पहिला थेंब टिपला आणि दुसरा त्याच मीटरच्या पट्टीला लावला.

"एक पॉइंट चार. मशीन खोटं बोलत नाही, सर. त्याला घाम पाजला कोणी?"

मग ती म्हणाली, "रजिस्टर आणा."

सर उठून तिच्या जवळ आले. माइकवर हात ठेवून हळू म्हणाले, "पायल, आत बसून बोलू. सगळ्यांसमोर नको."

"माझं नाव सगळ्यांसमोरच काटलं होतं."

"मला माहीत नव्हतं गं. खरंच नव्हतं."

ते खरं बोलत होते. पायलला ते कळलं, आणि त्याने तिला काडीचा फरक पडला नाही.

"आता माहीत झालं. वाचा."

सहा वर्षांत त्या मीटरने एकतीस मुली काटल्या होत्या. पायलने सरांना एकेक नाव मोठ्याने वाचायला लावलं, त्यासमोरचा आकडा वाचायला लावला, आणि त्याखाली त्यांच्याच लाल पेनने लिहायला लावलं, 'नमुना घामाने दूषित. निकाल चुकीचा.' खाली सही. सुरुवात तिच्याच नावाने झाली. सातव्या-आठव्या नावापर्यंत पालक कुजबुजत होते, नंतर तेही थांबलं. विसाव्या नावाला सरांचा आवाज चिरकला, तशी पायलने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "पाणी आणलंय, सर. वाचा."

एकतिसावं नाव रूपालीचं होतं. त्यावरही सही झाली. ती पुन्हा संघात आली. तिची आई पदराने डोळे पुसत होती. सर सही करून तिथेच छोट्या मंचाच्या पायरीवर बसले. जाकिटाची चेन उघडायचंही त्यांना सुचलं नाही. पायल त्यांच्याकडे बघत उभी राहिली. सहा वर्षं तिने हा माणूस असाच बसलेला बघितला होता, रोज, डोळे मिटून. आता उघड्या डोळ्यांनी पोटभर बघितला.

पट्ट्यांचा डबा भरताना तिला शेजारी कोणीतरी उभं असल्याचं जाणवलं.

"ताई," रूपाली म्हणाली, "तुमच्या कागदावर माझं तीन पॉइंट एक त्याच दिवशी आलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हाच का नाय सांगितलं?"

पायलने तोंड उघडलं. अभ्यासाची आखणी, सरांचा हात, नियम, सगळं जिभेवर तयार होतं. ते गिळून ती म्हणाली, "मला त्याला असं बसलेला बघायचं होतं."

रूपालीने पायरीकडे पाहिलं. मग पुन्हा पायलकडे.

"तीन आठवडे मी पेट्या भरल्या. तिथं गोडाऊनला लोखंडी जिना हाय. मला त्या जिन्याने धाप लागायला लागली, ताई. रोज. मी आईला म्हटलं, सर बोलले ते खरंच हाय, माझ्यात काय नाय."

पायलने हातातला डबा खाली ठेवला.

रूपालीने टेबलावरचं रजिस्टर ओढलं, आपलं पान उघडलं आणि लाल पेन पायलपुढे धरलं. "सरांनी लिहिलं. आता तुम्ही लिवा."

"काय लिहू?"

"काय केलं ते."

पायलने पेन घेतलं. सरांच्या सहीखाली, नेहमीच्या नेटक्या अक्षरात तिने लिहिलं, 'खरा आकडा ३.१. पहिल्या दिवशी माहीत असून सांगितला नाही.' खाली पूर्ण नाव आणि तारीख घातली.

रूपालीने एकेका शब्दाखाली बोट फिरवत ते वाचलं. मंडपात राजू खुर्च्या एकात एक घालत होता. निम्मे पालक अजून गाड्यांपाशी बोलत उभे होते. तिने माइकचं बटण दाबून पाहिलं. तो चालू होता.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

गाड्यांपाशी उभी माणसं वळली. पायरीवरून सरांनी मान वर केली. पायलने रजिस्टर दोन्ही हातांत धरलं आणि वाचलं.