माग थांबतील तिथं

"अहो, बंद करा की ती गाडी. मघापासनं सांगतीया."

यल्लव्वा नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. मल्लाप्पाने किल्ली फिरवली, इंजिनाने एक आचका दिला आणि यल्लव्वाच्या काळजात धस्स झालं. आवाज म्हणून कसला उरलाच नव्हता. कुत्रं नाही, कावळा नाही, वाराही पडलेला. तिला वाटलं, झालं, आता आपलेही कान गेले. तिने गाडीच्या पत्र्यावर टकटक केली. ती ऐकू आली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

बेळगावजवळच्या विणकरांच्या वडगावातल्या बाईला असली शांतता सोसणार कशी? लग्न होऊन आली ती मागांच्या खडखडाटात. स्वयंपाकघराला लागून माग, शेजाऱ्याकडे माग, गल्लीभर माग. "जेवलासा काय" एवढं विचारायचं तरी माणसं भांडल्यासारखी ओरडायची. मग साड्यांचा धंदा बसला, मल्लाप्पाने माग भंगारात घातले आणि घर गप्प झालं. त्याच्या कानातले माग मात्र बंद होईनात. रात्रंदिवस आपलं खटाक खट, खटाक खट. बेळगावचा डॉक्टर म्हणाला, नस झिजलीय, सवय करून घ्या. सवय कसली होतेय? जरा डोळा लागला की दचकून उठायचा, "धागा तुटला बघ" म्हणायचा.

अशात एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, जैसलमेरच्या पुढे वाळवंटात आपल्याच काळजाचे ठोके ऐकू येतात. म्हाताऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं ते शिरलंच. तिथं माग थांबतील. जुना टेम्पो घेतला, निपाणीच्या एका गॅरेजात त्यात पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली, घर भाड्याने दिलं आणि दोघं निघाली. गल्लीने पोटभर हसून घेतलं. पुण्याच्या समर्थने, त्यांच्या मुलाने, फोनवर आदळआपट केली. यल्लव्वाही कुरकुरली, पण बसली गाडीत.

दिवाळीपासून हाच त्यांचा संसार. टेम्पोच्या दारात भाकऱ्या थापायच्या, मिळेल तिथून पाणी भरायचं, वाळू झाडून झाडून निजायचं. वाळवंटातही कुठे ढाबा वाजायचा, कुठे उंटांच्या घंटा, नाहीतर वारा घोंघावायचा. मल्लाप्पा कान द्यायचा आणि म्हणायचा, "पुढं." शेवटी तिने हात टेकले. मला माझ्या घरात निजायचंय, म्हणाली. तोही कबूल झाला होता, "हे शेवटचं. हितं न्हाय थांबलं तर परत फिरू."

ती अनवाणी खाली उतरली. दिवस कलला होता. वाळूवर वाऱ्याने बारीक रेघा ओढल्या होत्या, साडीच्या काठासारख्या, आणि कुठे म्हणून त्यांना शेवट नव्हता. वडगावात आभाळ म्हणजे दोन पत्र्यांमधली पट्टी. इथे ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलं होतं. एवढं आभाळ आपल्यावर कायम होतं आणि आपण मान वर केली नाही, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. हात आपोआप जोडले गेले. स्वतःचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि तो ऐकायला फार गोड वाटत होता.

मल्लाप्पा वाळूत बसून होता, डोळे मिटून.

"थांबलं का ओ?" आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याशी एवढ्या हळू बोलली. त्याला ते ऐकू गेलंच नाही. तिने खांद्याला हात लावून मोठ्याने विचारलं, तर देवळात ओरडल्यासारखं वाटून तिचं तिलाच लाजायला झालं.

मल्लाप्पाने डोळे उघडले. जरा वेळ तिच्याकडे बघितलं आणि हसला.

"थांबलं गं. एकदम बंद."

"खरं?"

"तर. आता घरी जाऊया. लई फिरवलं तुला."

यल्लव्वाचे डोळे भरून आले. सुटलो, देवा. पदराने डोळे पुसता पुसता तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. गुडघ्यावर अंगठा आपटत होता, त्याच्या नकळत. खटाक खट, खटाक खट. तो ठेका तिने झोपेतही ओळखला असता. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हसू तसंच होतं, तिला कधी आनंद होतोय याची वाट बघत.

"एवढ्या लांब आलोय," ती म्हणाली, "आणि लगीच घरी? पुढं आणखी वाळवंट हाय म्हणं. तिकडं जाऊया."

"अगं, थांबलं म्हटलं न्हवं मी?"

"ऐकलं की. तुमचं थांबलंय. मला अजून बघायचंय."

मल्लाप्पाचं हसू मावळलं. त्याने मान हलवली आणि तोंड फिरवलं.

ती त्याच्या शेजारी वाळूत बसली आणि त्याच्या हातावर आपला तळहात ठेवला. समोर सूर्य वाळूला टेकला, निम्मा झाला, गेला. तळहाताखाली अंगठा हलतच होता. तिने तो दाबला नाही.