उसनी शांतता

विक्रेत्याने बूथची किंमत सांगितली तेव्हा कानवाल्या बाईंचा जीव भांड्यात पडला. आकडा मोठा होता, पण त्यांनी साठवलेल्या पैशांत कसाबसा बसत होता.

पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाई कितीतरी वर्षं लोकांचे कान तपासत आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बाकडी, आतल्या खोलीत टेबल, यंत्र आणि हेडफोन. यंत्रातून बारीक बारीक सूर सोडायचे, सूर ऐकू आला की समोरच्याने बटण दाबायचं. सगळ्यांत हलका कोणता सूर ऐकू येतो, तो शोधायचा. तपासणी सुरू झाली की बाहेर गॅलरीत लाल दिवा लागे आणि बाकड्यांवरची मंडळी कुजबुजसुद्धा थांबवत. आजवर एवढ्यावर निभावलं होतं. आता मात्र शाळांनी कळवलं होतं की मुलांची तपासणी साउंडप्रूफ बूथमध्येच व्हायला हवी. बूथ नसेल तर मुलं दुसरीकडे जातील. आणि बाईंचा खरा जीव त्या मुलांच्या तपासणीतच होता.

"साधा एकपदरी घ्या मॅडम," विक्रेता म्हणाला. "तुमची खोली मुळातच शांत आहे. दुपदरी म्हणजे मुंगी मारायला तोफ."

"खोलीचा गुणच आहे तो," बाई अभिमानाने म्हणाल्या. "रस्त्यापासून आत आहे ना."

"किंमत कळली," कोपऱ्यातून आवाज आला. "पण खर्च किती?"

ही बाईंची भाची. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, नोकरी लागेपर्यंत मावशीकडे राहायला आलेली. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत हिचं किंतु-परंतु, म्हणून घरात सगळे तिला किंतू म्हणत.

"किंमत आणि खर्च एकच की," विक्रेता हसला.

"एक कसं? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं नको व्हायला. या अरुंद जिन्यातून तो वर चढणार कसा?"

"भाग सुटे करून आणतो."

"जोडणीचे पैसे?"

"ते... वेगळे."

"दार बंद केल्यावर आत हवा?"

"पंखा बसतो. तोही वेगळा."

"पंख्याचा आवाज होत असेल ना?"

"शांत पंखा मिळतो," विक्रेत्याने पाण्याचा पेला उचलला. "जरा महाग."

मग दाराचं रबर निघालं, ते झिजतं. दरवर्षी बूथ आणि यंत्र तपासून घेण्याचा खर्च निघाला. जमिनीला वजन पेलेल का, हा प्रश्न निघाला. विक्रेत्याचा पेला रिकामा झाला.

"मनावर घेऊ नका," बाई त्याला म्हणाल्या. "हिला मेथीची जुडी आणायला पाठवली तर ही मातीचा अहवाल मागेल."

"हस बाई, खुशाल हस," किंतू म्हणाली. "पण खोली शांत आहे म्हणता, ते मोजलंय कुणी? मोजल्याशिवाय एकपदरी की दुपदरी, ठरवणार कसं?"

विक्रेता आठवड्याने येतो म्हणून गेला तो जवळजवळ पळतच.

दुसऱ्या दिवशी किंतूने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आवाज मोजायचं यंत्र मागून आणलं आणि आतल्या टेबलावर ठेवलं. पेशंट अजून यायचे होते. आकडा बघून तिच्या भुवया वर गेल्या.

"मावशी, ही खोली शांत? हा तर बाजार आहे!"

"खालच्या सुताराची करवत असेल," बाई फाइली लावत म्हणाल्या. खालच्या अंगणात सुताराचं वर्कशॉप होतं. "पण तो कुठे सलग काम करतो? घटकाभर करवत, की लगेच बंद. निवांत प्राणी आहे. मी चिडवतेसुद्धा त्याला, दादा, चहा पिऊन झाला की नाही अजून?"

तेवढ्यात एक निवृत्त शिक्षक आले. बाईंनी त्यांना हेडफोन लावला, दिवा लावला. कोपऱ्यात बसलेल्या किंतूच्या हातातल्या यंत्रावरचा आकडा धपकन खाली आला. तपासणी संपली, दिवा गेला, आकडा पुन्हा वर. पुढच्या पेशंटच्या वेळीही तेच. किंतूने यंत्राची बॅटरी बदलली. तरीही तेच.

दुपारी पेशंट नव्हते. बाई डबा उघडत होत्या. किंतू उठली आणि तिने उगाचच दिव्याचं बटण दाबलं.

करवत थांबली.

तिने बटण बंद केलं. जरा वेळाने करवत सुरू झाली. पुन्हा दाबलं. पुन्हा थांबली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "हा दिवा सुताराच्या करवतीला जोडलाय का गं?"

"काहीतरीच काय!" बाई म्हणाल्या, पण त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी स्वतः उठून बटण दाबलं. खालची करवत आज्ञाधारकपणे गप्प झाली. बाई बटणाकडे बघत राहिल्या, जणू त्यांनी आजवर ते कधी पाहिलंच नव्हतं. मग दिवा बंद करून, हात न धुताच त्या जिना उतरल्या.

सुतार एका दरवाजाला पॉलिश करत होता. अंगभर भुसा.

"या बाई! दिवा दोनतीनदा लुकलुकला. फ्यूज गेला का?"

"दादा, दिवा लागला की तुम्ही करवत बंद करता?"

"म्हणजे काय!" त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमच्या आईचे कान तुम्हीच तपासले ना? मी जिन्यात उभा होतो. तुम्ही दिवा लावलात आणि म्हणालात, दिवा लागला की सगळ्यांनी चूप. सगळ्यांत मीपण आलोच की."

"अहो, ते मी बाकड्यावरच्या लोकांना म्हटलं होतं!"

"मग तसं सांगायचं होतं," सुतार म्हणाला.

बाईंना हसावं की रडावं कळेना. "तेव्हापासून? इतकी वर्षं? अहो, कामाचं किती नुकसान झालं असेल तुमचं!"

"नुकसान कसलं? दिवा दिसला की करवत बंद, पॉलिश सुरू. पॉलिशला कुठे तोंड असतं? घाईची कामं मात्र घेत नाही. ती घ्यायची म्हणजे करवत सलग हवी." तो क्षणभर घुटमळला. "मागे एकदाच जरा पंचाईत झाली. सकाळी दिवा लागला तो संध्याकाळपर्यंत गेलाच नाही. हाताखालची पोरं म्हणाली, काका, आज वर मोठी परीक्षा दिसतेय. सगळा माल पॉलिश करून संपला, मग आमचीच खुर्ची काढून तिला पॉलिश केलं."

बाईंना तो दिवस आठवला. सकाळची एकच तपासणी उरकून त्या बूथसाठीच बँकेत चौकशी करायला गेल्या होत्या. दवाखाना बंद, वर कुणी नाही.

"दादा," त्या खालमानेने म्हणाल्या, "त्या दिवशी वर कुणीच नव्हतं. मी दिवा विसरले होते."

सुतार इतका हसला की अंगावरचा भुसा खाली झडला. "तरीच म्हटलं, एवढा वेळ कुणाचा कान तपासतायत! हत्ती आला होता की काय?"

बाईही हसल्या, डोळे पुसत. ज्याला त्या निवांत प्राणी म्हणत होत्या, चहावरून टोमणे मारत होत्या, त्या माणसाने त्यांच्या प्रत्येक अचूक तपासणीला हातभार लावला होता. कुठल्या मुलाला श्रवणयंत्राची गरज नाही, हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं ते या अंगणाच्या भरवशावर. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "फार उपकार झाले दादा."

"उपकार कसले? आई अजून माझी करवत ऐकून शिव्या देते. ते तुमच्यामुळेच ना!"

वर किंतू कागदावर आकडेमोड करून बसली होती. "आता चित्र स्पष्ट आहे," ती म्हणाली. "करवत चालू असताना एकपदरी बूथ पुरणार नाही. एकपदरीचा दुसरा पदर आत्ता खाली उभा आहे. आणि तो पॉलिश करतोय."

"दुपदरी घ्यायचा," बाई म्हणाल्या. "बाकडी गॅलरीत जातील."

"जमीन पेलेल, मी विचारून घेतलंय. पण तुझे पैसे पुरत नाहीत. कर्ज काढावं लागेल, मावशी."

"कर्ज तर कधीचंच आहे गं," बाई म्हणाल्या. "आता निदान फेडायला सुरुवात होईल."

बूथ सुटा होऊन आला तेव्हा जिन्याच्या वळणावर एक भिंत अडकली. विक्रेत्याची माणसं घाम पुसत उभी राहिली. सुताराने खालून बघितलं, कठड्याच्या चार फळ्या सोडवल्या, भिंत वर गेली, फळ्या पुन्हा जागेवर बसल्या. किंतूने हा खर्च धरलाच नव्हता, आणि तसं तिने कबूलही केलं.

गॅलरीतला लाल दिवा बाईंनी आदल्या दिवशीच काढून टाकला होता. पहिल्या तपासणीला शाळेतली एक छोटी मुलगी आली, दोन वेण्या, हातात बटण घट्ट धरलेलं. बाईंनी तिला बूथमध्ये बसवलं, जाड दार लावलं आणि यंत्राला हात घालणार, तोच त्यांच्या लक्षात आलं. खाली शांत होतं. अगदी शांत.

त्या गॅलरीत जाऊन वाकल्या. "दादा, करवत का बंद? दिवा तर काढून टाकला!"

"पोरगी वर गेलेली बघितली मी," सुतार खालून म्हणाला. हातात पॉलिशचं फडकं होतं.

"लावा हो करवत! बिनधास्त लावा!"

"नक्की?"

"नक्की! घाईचं काम घ्या!"

त्याने अविश्वासाने मान हलवली आणि बटण दाबलं. करवत खरखरत, किंचाळत सुरू झाली. त्या कर्कश आवाजात बाई हसतमुखाने टेबलापाशी आल्या. त्यांनी सगळ्यांत हलका सूर सोडला, आणि काचेपलीकडच्या मुलीने मान तिरकी करून, क्षणभर थांबून, बटण दाबलं.