बातमीचे शेवटचे वाक्य

मित्रांनो, रोह्याच्या एका कॉलेजात माध्यम विभागाचे लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या फळीवर, स्नेहसंमेलनाच्या चुरगळलेल्या पताकांच्या शेजारी, मी राहतो. मी टेपरेकॉर्डर. 'जुना' हा शब्द मी स्वतःला लावून घेत नाही, कारण मला पाहिले की तो तुमच्याच तोंडून येतो. माझ्या कातडी पिशवीचा पट्टा तुटला आहे. रेकॉर्डच्या बटणाचा लाल रंग पोरांच्या बोटांनी कधीच नेला. आवाज मात्र अजून ठणठणीत आहे. तोही बसला असता तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे काही आठवत नाही. आठवते ते मुंबईतले दुकान आणि काचेतून आत डोकावणारे गोपाळकृष्ण सर. सर मूळचे पेणचे, जमीनदार घरातले. जमिनी कुळांकडे गेल्या आणि घरात पुस्तके उरली, असे ते हसत सांगत. रोह्याला त्यांनी माध्यमांचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा गावाने त्यांची भरपूर थट्टा केली. सर थट्टेला बधले नाहीत. रेडिओ केंद्राचे उंबरे झिजवून त्यांनी रविवारी सकाळची छोटीशी वेळ मिळवली आणि 'विद्यार्थी वार्तापत्र' सुरू झाले. त्यासाठी अख्ख्या विभागात यंत्र म्हणाल तर मी एकटा होतो.

काय दिवस होते ते! मुले मला खांद्याला लावून कुठे कुठे न्यायची. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात एका मूर्तिकाराने ओल्या हातानेच माझा माइक धरला होता. कोलाडच्या एका हॉटेलवाल्याने मुलाखत सोडून आपल्या भज्यांचीच जाहिरात केली होती. दसऱ्याला माझी पूजा व्हायची. झेंडूची माळ, हळद, कुंकू, सगळा थाट. स्पीकरच्या जाळीत त्या हळदीचे कण अजून अडकलेले आहेत. मला वाटायचे, आपण फार मोठे काम करतो आहोत.

वार्तापत्र शुक्रवारी तयार व्हायचे. लतिका नावाची रोह्याचीच मुलगी संपादक होती. ती हातात घड्याळ धरून बसायची आणि बातमी लांबली की कात्रीने कापल्यासारखी एकेक ओळ काढून टाकायची. सरांचे दोन नियम होते. आवाज स्वच्छ हवा. एखाद्या माणसाचे बोलणे गोंगाटात ध्वनिमुद्रित झाले असेल, तर ते वृत्तनिवेदकाने स्वतः वाचायचे. आणि बातमीचा शेवट जबाबदार माणसाच्या शब्दाने करायचा. हे नियम सरांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिले होते आणि ते पुसायची कोणाची छाती नव्हती.

आमची वृत्तनिवेदक होती सरू. ती पेण तालुक्यातल्या डावरखारची. पावसाळ्यात येणे-जाणे अवघड म्हणून रोह्याला धोंडुबाई मावशीकडे राहायची. पहिल्या दिवशी ती वर्गात 'नाय' म्हणाली आणि सगळे हसले. त्यानंतर दुपारच्या सुटीत ती मला घेऊन जिन्याखाली बसू लागली. बातमी वाचायची, ऐकायची, पुसायची, पुन्हा वाचायची. तिचा घसा बसायचा, पण ती थांबायची नाही. वर्षभरात तिच्याइतके स्वच्छ कोणी वाचेना. तिचे वडील महिपती भात लावायचे, भातामागून वाल घ्यायचे. लेक रेडिओवर बोलते याचा त्यांना इतका अभिमान होता की बैलांनाही ते सांगत असतील.

आता डावरखारची एक गोष्ट समजून घ्या. गावाच्या एका अंगाला धरमतरची खाडी आहे, दुसऱ्या अंगाला शेते, आणि दोहोंच्या मध्ये मातीचा बांध. त्याला तिकडे बाहेरकाठा म्हणतात. बांध फुटून खारे पाणी एकदा शेतात शिरले, की ती जमीन वर्षानुवर्षे पिकत नाही. म्हणून पावसाळ्यात मोठ्या उधाणाआधी गावचे पंच हैबतराव हाळी द्यायचे. घरटी एक माणूस पेंढा आणि चिखल घेऊन बांधावर जायचा. खेकड्यांची बिळे बुजवायची, खचलेला भाग भरून काढायचा. आजे-पणजे हेच करत आले होते. बांधाची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली तरी हाळी थांबली नव्हती.

त्या वर्षी आषाढात, शेतातले पाणी खाडीत सोडायच्या झडपेजवळ बांध बराच खचला. सरू मला घेऊन तिथे गेली. बिळांतून आत येणाऱ्या पाण्याचा बुडबुड आवाज तिने टिपला. मग ती खात्याच्या साहेबांना भेटली. साहेब फार गोड बोलले. दुरुस्ती मंजूर आहे, अमावास्येच्या उधाणाआधी काम होईल, काळजीचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले. सरूला चहाही पाजला. त्यांच्या डोक्यावरचा पंखा मात्र इतका घरघरत होता की माझ्या फितीवर साहेब कमी आणि पंखाच जास्त आला.

शुक्रवारी सरूने बातमी लिहून आणली. तिचे शेवटचे वाक्य असे होते: 'बांधावर अद्याप काम सुरू झालेले नाही, त्यामुळे गावकऱ्यांनी नेहमीप्रमाणे बांधावर जावे.' लतिकाने घड्याळाकडे पाहिले.

"एवढंच वाक्य जास्त होतंय. ते काढलं की बरोबर बसतं," ती म्हणाली.

"सर, पण तिथं अजून एक पाटी माती पडली नाय," सरू म्हणाली. घाईत तिच्या तोंडून गावचा शब्द गेला, पण या वेळी कोणी हसले नाही. "मी बघून आले."

"तू बघितलंस ते वर आलंय की," सर म्हणाले. "खचलेला बांध आला, बिळं आली. शेवट साहेबांच्या शब्दानं कर. नाहीतर ती बातमी राहत नाही, गाऱ्हाणं होतं. आणि साहेबांच्या आवाजात पंखा आहे, तेव्हा त्यांचं म्हणणं तूच वाच."

सरूने कागद पुन्हा वाचला. तिच्या मनात काय चालले होते ते मला नंतर कळले. गाव बांधावर जाणारच, याची तिला खात्री होती. त्यांना ते रेडिओने सांगायला हवे, असे तिला वाटले नाही. तिने कागदावरच्या त्या ओळीवर काट मारली आणि माझ्यासमोर बसली.

"अधिकाऱ्यांनी सांगितले की दुरुस्तीचे काम मंजूर असून ते उधाणापूर्वी पूर्ण होईल. ग्रामस्थांनी काळजी करण्याचे कारण नाही." शब्द न शब्द स्पष्ट. सर 'वा' म्हणाले. फीत एसटीने रेडिओ केंद्राकडे गेली; प्रसारण झाले की ती नेहमी आमच्याकडे परत यायची.

रविवारी सकाळी डावरखारमध्ये जनूच्या दुकानापुढे सगळे गाव जमले होते. एरवी रेडिओ चालू असला तरी माणसे आपल्या गप्पा सोडत नाहीत. त्या दिवशी लहान मुलांनाही दटावून गप्प केले होते, कारण आपली सरू आपल्याच गावाची बातमी सांगणार होती. 'अधिकाऱ्यांनी सांगितले' हे शब्द हवेत विरून गेले. गावाच्या कानांना एवढेच कळले की सरू म्हणते, काम होणार आहे, काळजी करू नका.

दोन दिवसांनी हैबतराव हाळी द्यायला निघाले, तेव्हा लोकांनीच त्यांना अडवले. आपण माती टाकली तर साहेब म्हणतील तुमचे तुम्हीच केलेत, आता आम्ही कशाला येऊ, असे कोणी बोलले. तरी हैबतराव घुटमळत होते. मग महिपती पुढे झाले. "माझी पोरगी उगा बोलनार नाय," ते म्हणाले. "साहेबाला भेटून सांगितलान तिनं. लावणी उरलीय ती उरकून घेऊ." आणि माणसे शेतात लावणीला गेली.

अमावास्येला भर दुपारी बांध फुटला. खाडी शेतात शिरली तेव्हा बायका चिखलात वाकून रोपे लावत होत्या. माणसे वाचली, गुरे वाचली. जमीन गेली.

गोपाळकृष्ण सर मला आणि सरूला घेऊन डावरखारला निघाले. एसटीत ते म्हणाले, पुढच्या वार्तापत्रात आता हीच आपली पहिली बातमी. गावात पोचलो तर नुकती लावलेली रोपे गढूळ पाण्याखाली झोपली होती आणि भरती-ओहोटी शेतातच चालू झाली होती. हैबतरावांनी सगळी हकिगत माझ्यासमोर सांगितली. सरूला ते एक शब्दही टाकून बोलले नाहीत. तिला तेच सोसवत नव्हते.

मग तिने वडिलांसमोर माइक धरला. महिपती एका उपड्या टोपलीवर बसले होते.

"तुझा आवाज ऐकला नि जिवाला बरं वाटलं गो," ते म्हणाले. "म्हणून मीच सगळ्यांना बोललो, नका जाऊ."

"बाबा, ते माझं बोलणं नव्हतं. साहेबांचं होतं. मी नुसतं वाचलं."

"त्या साहेबाला मी वळखत नाय. तुला वळखतो. तुला खरं वाटत नव्हतं तं वाचायचं नाय."

सरूने बटण दाबून मला बंद केले. परत येताना सर तिला समजावत होते, की नियमाप्रमाणे आपण काही चुकीचे सांगितले नाही. ती मान हलवत होती. मला रडता येत नाही, मित्रांनो, आणि त्या दिवशी मला त्याचे फार वाईट वाटले.

पुढच्या वार्तापत्रात डावरखारची बातमी पहिली होती. ती लतिकाने वाचली. शेवट साहेबांच्या शब्दाने झाला: पंचनामे होतील, कोणीही वंचित राहणार नाही. सरू त्यानंतर कॉलेजात आली नाही. सर तिला बोलावायला घरी गेले, पण तिने दार उघडून त्यांना फक्त पाणी दिले. पुढे ती नागोठण्याकडे एका कंपनीत पॅकिंगच्या शिफ्टला लागली, असे धोंडुबाई मावशीने सरांना सांगितले. महिपती धरमतरच्या जेटीवर बार्जमधला माल उतरवायला जाऊ लागले. त्यांच्या शेतात आता खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांचे रान माजले आहे. ते तोडायला कायद्याने बंदी आहे. बांध पुन्हा कधी बांधलाच नाही.

माझेही दिवस फिरले. खिशात मावणारी यंत्रे आली, मग फोनच सगळे करू लागले. दसऱ्याला माळ त्यांना मिळू लागली. त्याचे मला दुःख नाही. मला फळीवर पडून राहू दिले असते तर मी कुरकुर केली नसती. पण दरवर्षी नवा वर्ग आला की सर मला बाहेर काढतात. निवेदन कसे असावे आणि बातमी समतोल कशी असावी हे शिकवायला त्यांना सरूच्या वाचनासारखा दुसरा नमुना सापडत नाही. सर वाईट नाहीत. त्यांचे केस आता पांढरे झाले आहेत आणि ती फीत लावताना ते मुलांकडे बघत नाहीत. ते काय टाळत आहेत हे त्यांना कळत असेल असे मला वाटते, पण मी कोण सांगणारा.

यंदाही त्यांनी फीत लावली. सरूचा आवाज वर्गभर घुमला आणि मुले कौतुकाने एकमेकांकडे बघू लागली. मागच्या बाकावरची मैना नावाची मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, मग उधाणाआधी काम झालं का?"

सरांनी फीत थांबवली. "आपण आज उच्चार बघतोय," ते म्हणाले. "ती 'दुरुस्ती' कशी म्हणते ते नीट ऐका."

मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी करा, कपाटातून बाहेर काढा, असे माझे काही मागणे नाही. माझ्यासारख्या यंत्रात जे भरता ते आम्ही जसेच्या तसे सांगतो, आणि ऐकणारा माणूस तुमच्या आवाजावर विसंबून घरी बसतो, एवढे मात्र ध्यानात ठेवा. जे तुम्हाला स्वतःला पटत नाही ते दुसऱ्याच्या नावावर वाचू नका. आणि तुमच्या वर्गात मैनेसारखे कोणी उभे राहिले तर तिला एकटे उभे राहू देऊ नका. हे तुम्ही मनावर घ्याल अशी आशा मला उरलेली नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या दिवशी मैनेच्या बाजूने कोणी बोलले नाही. ती खाली बसली. सरांनी फीत मागे घेतली, बटण दाबले, आणि महिपतीच्या लेकीने पुन्हा एकदा, अगदी स्पष्ट आवाजात, काळजी करण्याचे कारण नाही असे सांगितले.